चौदाव्या पलटणीचा मुक्काम

१

सकाळचा दुसरा चहा झाला की राजीव टिपणीस बेसमेंटमध्ये उतरायचे आणि जेवणाची हाक येईपर्यंत युद्ध करायचे. युद्ध म्हणजे अमेरिकेतलं जुनं यादवी युद्ध, उत्तर विरुद्ध दक्षिण. आणि करायचे म्हणजे टाइप करायचे. एरवी या गृहस्थानं दुकानात फाटकी पिशवी आली तरी ती कधी भांडून बदलून घेतली नव्हती.

टेलिकॉममधून रिटायर झालेला, अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधला मराठी माणूस काय करतो? एक तर गोल्फ शिकतो आणि कंबर धरून बसतो, नाहीतर मराठी मंडळाच्या कमिटीत शिरून सुखानं नांदणाऱ्या माणसांत भांडणं लावतो. राजीवरावांनी गावातल्या इतिहास संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. त्या युद्धात प्रत्येक राज्यानं स्वयंसेवक गोळा करून पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या होत्या. एकेका पलटणीची हकिगत एकेका पानात बसवायची, हे काम. पलटण कुठे उभी राहिली, कुठून कुठे कूच केलं, मुक्काम कुठे पडला, आणि शेवटी रजा देऊन तिला घरी कधी पाठवलं. संस्थेच्या ऑफिसमधल्या बाई दर पानामागे एकच ईमेल पाठवायच्या, "थँक यू फॉर युअर सर्व्हिस!" राजीवराव तेवढ्यावर आठवडाभर खूश असायचे.

उल्काबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कधीमधी चष्मा लावून ती पानं वाचायच्या.

"अहो, पण हे लढले कधी? नुसते चालतच सुटलेत की."

"पायदळ आहे ते, उल्का. चालणारच."

"आणि मेलेत तेही गोळी लागून कमी, हगवणीनंच जास्त. कुणी धड पेजसुद्धा करून घालत नव्हतं का पोरांना?"

राजीवराव यावर "हं" म्हणायचे. हा त्यांचा हुकमी एक्का होता. चाळीस वर्षं उल्काबाई विचारत होत्या, नाशिकला परत कधी जायचं, आणि चाळीस वर्षं हे "हं" म्हणत होते. येताना पाच वर्षांचं ठरलं होतं. मग ग्रीन कार्ड आलं, मग लेकीची, अंतराची शाळा, अंतराचं कॉलेज, अंतराचं लग्न, मग राजीवरावांचा गुडघा. नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन ठेवलेला, समोरच्याच बिल्डिंगमध्ये उल्काबाईंची बहीण सुमेधा रोज गॅलरीत उभी राहून यांच्या बंद खिडक्या बघत्येय. दोनदा तिकिटं काढली, दोनदा कॅन्सल केली. आता मात्र राजीवरावांनी शब्द दिला होता. मिनेसोटाची चौदावी पलटण हातात आहे, तेवढी संपली की जानेवारीत कायमचं जायचं. उल्काबाईंनी लगेच गेस्टरूममध्ये दोन बॅगा उघडून ठेवल्या. बिचाऱ्या!

कारण चौदावी संपेना. तिची हकिगत नीट चालत चालत याच परिसरापर्यंत आली होती. पावसाळी नोव्हेंबर, चिखल, मुक्काम, "पुढील हुकुमाची प्रतीक्षा." त्यापुढे कुठल्याही कागदात त्या पलटणीचं नाव नव्हतं. ती लढली नाही, पकडली गेली नाही, घरीही गेली नाही. आणि राजीवराव पडले इंजिनिअर. पुराव्याशिवाय एक ओळ लिहायचे नाहीत.

२

नोव्हेंबर लागला आणि टिपणिसांकडे दिवाळीचा फराळ झाला. दिवाळी होऊन गेली होती, पण इथे सण शनिवारीच येतात.

त्यांच्या घरी बूट घालून फॉयरच्या, म्हणजे दाराच्या आतल्या मोकळ्या जागेच्या, पुढे आलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. फर्नेस दुरुस्तीला आलेल्या एका साडेसहा फुटी माणसाला उल्काबाईंनी मोज्यांवर बेसमेंटमध्ये उतरवलं होतं, आणि वर "सॉक फाटलंय हं तुझं" असंही सांगितलं होतं. त्यामुळे त्या दुपारी दारात बुटांचा हा ढीग. आत गप्पा, मुलांची आरडाओरड, आणि चकल्या.

चकल्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. भाजणी जुनी होती की तेल कमी तापलं होतं, देव जाणे, पण चकल्या अशा झाल्या होत्या की त्यांनी खिळा ठोकता आला असता. मंडळाची सेक्रेटरी ऋता एक तुकडा तोंडात धरून म्हणाली, "काकू, क्रंच काय मस्त आलाय!" आणि तो हळूच नॅपकिनमध्ये सोडला. उल्काबाईंनी ते बघितलं. त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांची चकली टाकली होती.

संध्याकाळी सगळे पांगले. राजीवराव फॉयर झाडायला गेले, तर शू-रॅकच्या कडेला एक जोड उरलेला. जाड काळपट चामड्याचा, घोट्यापर्यंतचा, चिखलानं माखलेला. त्यांनी एक बूट उलटा केला. तळाला लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकल्या होत्या, फार जुन्या काळी ठोकायचे तशा.

त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, "कोणाचे राहिले?" एकानं लिहिलं, "काका, ऑनलाइन घेतलेत का? लिंक पाठवा." एकानं हात जोडले. दोघांनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. बूट कोणाचेच नव्हते.

"ते त्या पोराचे असतील," भांडी लावता लावता उल्काबाई म्हणाल्या.

"कुठलं पोर?"

"तुमच्या संस्थेतलं नव्हतं का? निळा कोट, पार विटलेला. दारातच उभं होतं, आत यायला संकोचत होतं. मी म्हटलं, बूट तिथे काढ आणि ये. अहो, त्यानं माझ्या चकल्या खाल्ल्या! एक नाही, अख्खा डबा. कटाकट!" त्यांचा चेहरा उजळला होता. "इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, बाळा, परत ये. आणि सगळ्यांना घेऊन ये."

आता हे वाक्य मराठी बाई दारात उभी राहून दिवसातून चारदा म्हणते. त्यावरून कोणी खरंच सगळ्यांना घेऊन येत नाही. येणाऱ्यालाही ते माहीत असतं. म्हणजे, मराठी असला तर.

"मग तो बूट न घालताच गेला?" राजीवरावांनी विचारलं.

"किंवा गेलाच नसेल," उल्काबाई म्हणाल्या आणि हसत डिशवॉशर चालू करायला वळल्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉयरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

काळपट बूट. काही फाटलेले, काहींना दोरीची नाडी, काहींना अंगठ्याशी भोक पडलेलं. आणि सगळे एका ओळीत. मंडळाच्या लोकांचे बूट कधीच ओळीत नसतात, हे पहिलं राजीवरावांना खटकलं. दुसरं खटकलं ते असं, की सगळ्यांची टोकं घराच्या आतल्या बाजूला वळलेली होती.

माणूस बुद्धिवादी असला की त्याला फार कष्ट पडतात. राजीवरावांनी आधी ठरवलं, ही संस्थेतल्या त्या हौशी मंडळींची गंमत. जुने गणवेश घालून रविवारी शेतात लुटूपुटूच्या लढाया खेळणारे लोक असतात इथे. मग आठवलं, त्यातल्या कोणालाच आपला पत्ता माहीत नाही. मग ठरवलं, केदारनं केलं असेल. केदार हा शेजारचा नागपूरचा मुलगा, डेटा सेंटरमध्ये नोकरीला. पण तो कामाच्या ओझ्यानं स्वतःचे केस कापायला जात नाही, तो इतके बूट कुठून गोळा करणार?

शेवटी त्यांना फॉयरमधला कॅमेरा आठवला. आईवडिलांची काळजी वाटते म्हणून अंतरानं तो बसवला होता. काळजी तिच्या गावाहून, पिस्कॅटवेहून, फोनवर करता येते, हा त्यातला फायदा. राजीवरावांनी सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. उल्काबाई दार उघडतायत. हसतायत. बोटानं शू-रॅक दाखवतायत. अंग चोरून बाजूला होतायत, कोणाला वाट द्यावी तसं. मग पुन्हा अंग चोरतायत. मग पुन्हा. दारात कोणीही नाही. राजीवरावांनी ते पुढे पळवलं. बाई नुसत्या अंग चोरतच होत्या, आणि जमिनीवरचे बूट वाढत होते.

खोटं कशाला सांगू, राजीवरावांना थोडी लघवीला लागली. पण बाथरूमचं दार आतून बंद होतं.

"थांबा जरा," उल्काबाई किचनमधून म्हणाल्या. "आत कोणीतरी आहे."

तेवढ्यात अंतराचा फोन. "बाबा, हाउ मेनी पीपल आर यू गाइज होस्टिंग? कॅमेऱ्यात एवढे शूज दिसतायत! यू नो ना, आईची बॅक कशी आहे ते?"

"मंडळाचं काहीतरी आहे," राजीवराव म्हणाले. मुलीशी ते पहिल्यांदाच इतकं धडधडीत खोटं बोलले.

४

केदार मंगळवारी आला. मिक्सरचं भांडं परत द्यायला आला होता.

"अरे बाप रे, काका! पूजा आहे का? मी नंतर येतो." दारापाशी शूज काढून, मोजे सरळ करत तो आत डोकावला. हॉल रिकामा होता. "कुठे आहेत सगळे?"

"बस," राजीवराव म्हणाले. दुसरा माणूस घरात आला म्हणून त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी त्याचा हातच धरून ठेवला. "तुला दिसतायत ना हे बूट?"

"म्हणजे काय? न दिसायला..." केदार सोफ्याकडे निघाला आणि मध्येच थांबला. सोफ्याच्या तिन्ही गाद्या खाली दबलेल्या होत्या. तो बघत असताना मधली हळूच आणखी थोडी दबली, जसं कोणी सरकून जागा करून द्यावी.

घरात ओल्या लोकरीचा वास होता. अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटरची घरघर चोवीस तास ऐकू येते. राहणाऱ्यांना ती ऐकू येतच नाही, पंख्याचा आवाज जसा काही दिवसांनी येईनासा होतो. पण आज त्या घरघरीच्या खालून आणखी काहीतरी येत होतं. थप. थप. थप थप थप.

"तुमच्या सेंटरचा जनरेटर असेल," राजीवराव म्हणाले.

"काका, जनरेटरला ताल नसतो."

ते वरून येत नव्हतं, बाहेरूनही नाही. बेसमेंटमधून येत होतं. राजीवरावांनी मोठ्या हौसेनं केलेल्या होम थिएटरमधून, जिथे फक्त आठ खुर्च्या होत्या आणि त्यांच्या माहितीप्रमाणे त्या कधीच भरल्या नव्हत्या.

"यार काका, माझी मीटिंग आहे," केदार म्हणाला आणि निघाला. फॉयरमध्ये आला तर त्याचे निळे स्पोर्ट शूज दारापाशी नव्हते. ते चौथ्या ओळीत होते. डावीकडे काळपट जोड, उजवीकडे काळपट जोड, मध्ये हे नीट जुळवून ठेवलेले, नाड्या आत खोचलेल्या.

केदारनं हात पुढे केला. मग मागे घेतला. "राहू दे काका. नवे घेतो," तो म्हणाला आणि ओल्या ड्राइव्हवेवरून मोज्यांवर पळत सुटला. नागपूरचा माणूस इतक्या थंडीत असा पळतो, म्हणजे विचार करा. मिक्सरचं भांडंही तो परत घेऊन गेला होता.

५

त्या घरात घाबरलेलं माणूस एकच होतं, हे राजीवरावांना सगळ्यात जास्त लागलं. उल्काबाईंना वेळच नव्हता. मंडळाच्या गणपतीचं मोठं पातेलं गराजमधून आत आलं होतं. रोज खिचडी, रोज पिठलं. पातेलं हॉलमध्ये ठेवायच्या आणि जरा वेळानं रिकामं उचलून आणायच्या. राजीवराव ताट घेऊन त्यांच्या रिक्लायनरकडे निघाले की हळूच म्हणायच्या, "तिथे नका बसू हो. त्याचा पाय दुखावलाय." मग हे बिचारे किचनच्या ओट्याशी उभ्यानं जेवायचे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यावर.

शेवटी बुधवारी दुपारी त्यांनी धीर केला. उल्काबाई हॉलच्या दारात जमिनीवर बसून मटार सोलत होत्या. शेंगांची एक रास त्यांच्यापुढे होती आणि दुसरी समोर, जिथे कोणी नव्हतं. समोरच्या राशीतली टरफलं वाढत होती.

"उल्का, तुला ते दिसतात?"

"तुमच्यासारखं डोळे फाडून बघितलं तर नाही दिसत. कामात असलं की दिसतात."

"काय बोलतात?"

"काय बोलणार? घरी जायचंय म्हणतात."

"इंग्लिशमध्ये?"

"मला काय माहीत कशात ते? कळतं. ते कशातही कळतं." त्यांनी एक शेंग सोलली. "तीन वर्षं सांगून आणलं होतं पोरांना. मग म्हणे आणखी थोडं थांबा. मग आणखी थोडं. मग सांगणाराच कोणी उरलं नाही. मी म्हटलं, आमचंही अगदी तसंच झालं बरं का!" आणि त्या हसल्या, आणि त्यांच्या हसण्याला हॉलमधून एक बारीकसा, दबका हुंकार आला, जेवण झाल्यावर पुरुष देतात तसा.

राजीवरावांना ते बोलणं बोचलं. चांगलंच बोचलं. ते उगाच वर गेले, आणि गेस्टरूमच्या दारात थबकले. बॅगा नव्हत्या.

"उल्का! बॅगा कुठे गेल्या?"

"माळ्यावर टाकल्या. उगाच ओझं."

आता खरं सांगायचं तर या क्षणी त्या माणसानं घाबरायला हवं होतं. पण राजीवरावांना काय वाटलं माहीत आहे? सुटलो. चार दिवसांत तिनं नाशिकचं नाव काढलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे जानेवारीचं टळलं. पोरांना खाऊ घालण्यात बाईचं मन रमलं. आता एवढ्या पाहुण्यांना वाटेला लावलं की आपली खुर्ची, आपला चहा, आपलं बेसमेंट, सगळं पुन्हा जिथल्या तिथे. त्यांनी स्वतःला थोडं रागावूनही घेतलं, इतकं बरं वाटू नये म्हणून. पण वाटलं ते वाटलंच.

पलटण घरी का जात नाही, हे त्यांना आता उघड कळत होतं. तिला अजून कोणी जा म्हटलेलं नव्हतं. तिच्या हकिगतीला शेवटची ओळ नव्हती, आणि ती ओळ लिहायचं काम या घरात एकाच माणसाकडे होतं.

६

गुरुवार उजाडला तो धुक्यात. दुपार झाली तरी समोरचं घर दिसेना. बेसमेंटमध्ये जायची राजीवरावांची छाती नव्हती, म्हणून लॅपटॉप घेऊन ते जिन्याच्या पायरीवर बसले.

पुराव्याशिवाय ओळ लिहायची होती. भुतांपेक्षाही त्यांना या गोष्टीची जास्त भीती वाटत होती. शेवटी त्यांनी खाली तळटीप दिली, "स्रोत: टिपणीस," आणि मग बोटं चालली. पहिला मसुदा सरळ होता. मिनेसोटाच्या चौदाव्या स्वयंसेवक पायदळ पलटणीची सेवा पूर्ण झाली असून तिच्यातल्या सर्वांना घरी जाण्याची परवानगी आहे.

पण इंजिनिअरचं डोकं. त्यांना वाटलं, यात दुसऱ्या पलटणीतला वाट चुकलेला एखादा असला तर? तो आपला "मी चौदावीतला नाही" म्हणून बसून राहील रिक्लायनरवर. कोणी हजेरीपटावर नसलेला स्वयंपाकी असेल, कोणी घोडा धरणारा असेल. त्यांनी ओळ खोडली. पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली. आणि मग असं वाक्य जमलं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं: "या छपराखाली जो कोणी घरी जायची वाट बघत थांबला आहे, त्या प्रत्येकाची सेवा आज पूर्ण झाली. आता कोणाच्या हुकुमाची वाट बघायची नाही. निघा." कुठे फट नाही, कोणी सुटत नाही. त्यांनी ते तीनदा तपासलं.

ते फॉयरमध्ये गेले. बुटांच्या ओळींपुढे, जिन्याचा कठडा धरून, मंडळात आभारप्रदर्शन करतात त्या आवाजात त्यांनी ते आधी इंग्लिशमध्ये वाचलं. कोणी हललं नाही. म्हणून मग मराठीतही वाचलं, न जाणो, पाच दिवसांत चार शब्द शिकले असतील. किचनमध्ये इतका वेळ चाललेला पोळपाटाचा आवाज थांबला.

डेटा सेंटरची घरघरही ऐकू येईनाशी झाली. सोफ्याच्या गाद्या एकामागून एक वर आल्याचा फुस्स आवाज आला. मग बेसमेंटच्या जिन्यावर पावलं. मोज्यांची, अनवाणी, एक लंगडणारं. राजीवरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. जे बघितलं नाही त्याचा खुलासा करावा लागत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

अंगावरून माणसं गेली. धक्का एकाचाही लागला नाही, फक्त प्रत्येक वेळी गार हवा हलायची आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. नाड्या बांधल्याचं करकरणं. दार उघडं. कोणीतरी खोकलं. कोणीतरी नाक ओढलं, आणि ते इतकं कोवळ्या वयाचं वाटलं की राजीवरावांना भीतीच्या मध्येच गलबलून आलं. जा रे बाबांनो, ते मनात म्हणाले, जा, आयांना भेटा. जाता जाता कोणाच्या तरी हातानं त्यांच्या स्वेटरची दुमडलेली कॉलर सरळ केली, गळ्याशी एकदा थोपटलं, आणि तो हातही गेला. फौजेतली शिस्त, राजीवरावांना वाटलं.

मग शांत झालं.

डोळे उघडले तर फॉयरची फरशी लख्ख. चिखल नाही, वास नाही. केदारचे निळे शूजही गेले होते, पण त्याचं काय एवढं! राजीवराव मोठ्यानं हसले. त्यांना एकदम हलकं वाटलं, मोठं वाटलं, आणि त्या भरात त्यांना असं काही सुचलं जे चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

"उल्का!" ते ओरडले. "अगं, संपली चौदावी! गेले सगळे! चहा टाक. आणि ऐक, मी आत्ताच्या आत्ता तिकिटं काढतो. यावेळी कॅन्सल नाही. अगदी खरं सांगतो!"

आणि ते खरंच बोलत होते. हे लक्षात ठेवा, त्या माणसाच्या मनात त्या क्षणी आत एक, बाहेर एक असं काही नव्हतं.

किचनमधून उत्तर आलं नाही. राजीवराव आत गेले. गॅस बंद होता. पोळपाट धुऊन उपडा घातला होता, ओटा पुसलेला होता, पोळ्यांवर फडकं झाकलेलं होतं. दोन पोळ्या होत्या. एका माणसाच्या.

ते बेसमेंटमध्ये उतरले. वर आले. गेस्टरूम, बेडरूम, बाथरूम. बाथरूमचं दार आता सताड उघडं होतं. हाका मारत मारत ते पुन्हा फॉयरमध्ये आले, आणि शू-रॅककडे त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. तिथे फक्त त्यांचे स्वतःचे बूट होते. एकटे, टोकं घराच्या आतल्या बाजूला.

दार अजून उघडं होतं. बाहेर धुकं, आणि धुक्यातून दूर जाणारा पावलांचा आवाज. थप थप थप, ओल्या पानांवरून, एका तालात. त्या तालात मध्येच एक पाऊल चुकत होतं, घाईघाईनं पुढच्यांना गाठणारं. धुकं क्षणभर विरळ झालं. समोरच्या घराच्या वळणावर, विटक्या निळ्या पाठींच्या मध्ये, खांद्याला पर्स लावलेली एक बुटकी पाठ होती. ती कोणाशी तरी हात हलवून बोलत होती. शब्द कळले नाहीत. आवाज मात्र कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता इतका खुशीत होता.

"उल्का!"

राजीवराव मटकन खाली बसले आणि बुटात पाय कोंबायला लागले. डावा उजव्यात जाईना. गुडघा वाकेना. नाडीची गाठ सुटेना. डोळ्यांत पाणी आल्यामुळे नाडीही दिसेना.

"अगं, थांब! आलोच मी!"

हे वाक्य उल्काबाई या देशातल्या पहिल्या हिवाळ्यापासून ऐकत आल्या होत्या. ते ऐकलं की कोट घालून, पर्स घेऊन, घामाघूम होत त्या दारात थांबायच्या. दर वेळी थांबायच्या.

बाहेरची पावलं थांबली नाहीत.